पाप कोणाचे?

बाप्तिस्म्यासाठी आलेल्या मनुष्यास आपले पाळक व उपदेशक कित्येक प्रश्न विचारितात. देव किती आहेत, प्रभु येशू कोण, तो का मरण पावला, तिसऱ्या दिवशी काय झाले, हे सर्व विचारून होते, व बहुधा उत्तरेही बरोबर येतात. परंतु एक प्रश्न विचारण्याची चाल आम्ही कोठे पाहिली नाही. तो असा की, "बाबा, तुझ्या शेजाऱ्याच्या घरी दुखणे आले, तर तुझ्या मनात पहिला विचार कोणता येतो?" मनुष्याचा विश्वास त्याच्या अंतःकरणात किती खोल गेला आहे, हे या एका प्रश्नाच्या उत्तरावरून जितके कळेल, तितके सगळी प्रश्नोत्तरावली पाठ म्हणून दाखविल्याने कळणार नाही असे आम्हांस वाटते. पाठ केलेले उत्तर जिभेवर असते. पहिला विचार मात्र, हे जग कसे चालले आहे असे आपण मनातून मानितो, त्या ठिकाणाहून येतो. आणि ते ठिकाण बाप्तिस्म्याच्या दिवशी एकदम बदलते असे नाही. कित्येकांचे तीन पिढ्यांतही बदललेले नसते.

हा विषय आज लिहावयास घेण्याचे कारण आमचीच एक चूक आहे. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी फेरीवर असता एका लहान मंडळीत प्रभुभोजनासाठी आमचे जाणे झाले. त्या मंडळीत एक बंधू होता. त्यास महारोग झाला होता. सरकारी दवाखान्यातून १२ महिने औषध घेऊन तो बरा झाला होता, व औषध पुरे झाल्याचा कागद त्याने फडक्यात गुंडाळून जपून ठेविला होता. रोग गेला होता. परंतु उजव्या हाताची दोन बोटे आत वळलेली राहिली होती. उपासनेच्या आधी तेथील उपदेशकाने आम्हांस बाजूस नेऊन विचारिले, "साहेब, यांना प्याला शेवटी द्यावा का? बायामाणसं कुरकुर करतात." उपासनेस उशीर झाला होता, लोक बसले होते, आणि उगाच तंटा नको असे आमच्या मनात आले. आम्ही म्हणालो, "बरे, शेवटी द्या." त्याप्रमाणे झाले. तो बंधू दाराजवळ सतरंजीच्या टोकाला बसला होता. प्याला त्याच्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्यात जे काय उरले होते ते त्याने घेतले, मान लवविली, आणि आशीर्वाद होताच उठून गेला. उपदेशकास आम्ही दोष देत नाही. तो विचारावयास आला होता. उत्तर आमचे होते.

परतताना मंडळीतले एक वडील आम्हांस एस्टीच्या थांब्यापर्यंत पोहोचवावयास आले. वाटेत ते सहज म्हणाले, "माणूस चांगला आहे हो. पण घराण्यात काहीतरी असणार. देव उगाच कशाला असं करील?" त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, त्या बंधूच्या आजारपणात त्याच्या घरी जोंधळे पोहोचविणारे हेच गृहस्थ होते, असे आम्हांस मागाहून कळले. तरी ते वाक्य आमच्या मनातून जाईना, कारण ते आम्ही पूर्वी कोठेतरी ऐकले होते. रात्री घरी येऊन शास्त्र उघडले तेव्हा ते सापडले.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेल्या एका मनुष्याची हकीकत आहे. प्रभूचे शिष्य त्यास पाहून गुरूस विचारितात की, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, ह्याच्या की ह्याच्या आईबापांच्या? हे विचारणारे परके कोणी नव्हते. प्रभूबरोबर चालणारे, त्याच्या ताटातले खाणारे ते लोक होते. त्यांच्या प्रश्नाची घडण पाहा. पाप आहे हे त्यांनी आधीच ठरवून टाकिले आहे. कोणाच्या नावावर लिहावयाचे एवढेच राहिले आहे. जो जन्मतःच आंधळा त्याने जन्मापूर्वी पाप केव्हा केले असते, हे शिष्यांनी मनात कसे बसविले होते ते शास्त्रात सांगितलेले नाही. आपल्या देशात त्यास अडचण नव्हती. येथे पूर्वजन्म हाताशी होता.

प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारिली. ह्याचेही नाही, आईबापांचेही नाही. देवाची कार्ये या मनुष्याच्या ठायी प्रगट व्हावी म्हणून हे आहे, अशा अर्थाचे तो बोलला, आणि लागलाच भूमीवर थुंकून चिखल करावयास लागला. आंधळेपणा कशाने आला याचे दुसरे कारण त्याने सांगितले नाही. शिष्यांचे तोंड मागे, झालेल्या गोष्टींकडे होते. त्याने ते धरून पुढे, करावयाच्या गोष्टींकडे वळविले. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. शिष्य त्या मनुष्याविषयी बोलतात, त्याच्याशी बोलत नाहीत. तो तेथेच बसला आहे, त्याचे कान चांगले आहेत, आपल्या आईबापांच्या पापाची चौकशी चाललेली तो ऐकत आहे. आम्ही दाराशी बसलेल्या त्या बंधूच्या देखत उपदेशकाशी हळूच बोललो होतो, हे येथे आम्हांस आठवले.

त्या आंधळ्यास प्रभूने शिलोह नावाच्या तळ्यावर धुण्यास पाठविले. याच शिलोहातला एक बुरूज कोसळून १८ माणसे मेली होती, ती गोष्ट लूकच्या १३ व्या अध्यायात आहे. ते अठराजण यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असे विचारून प्रभूने त्याही ठिकाणी 'नाही' म्हटले, व ऐकणाऱ्यांस स्वतःच्या पश्चात्तापाकडे पाठविले. तेव्हा ही शिकवण एकदाच सहज तोंडातून गेलेली नव्हे.

आता कोणी शास्त्र जाणणारा उपदेशक म्हणेल, "पण मिर्यामेस कोड फुटले ते कशाने? गेहजीस? उज्जीया राजास? ती तर शिक्षाच होती." खरे आहे. जेथे शास्त्र स्वतः असे सांगते तेथे आम्ही मान्य करितो. परंतु ती लेखणी देवाने कोणा शेजाऱ्याच्या हाती दिलेली नाही. दारूने आतडी जळतात व घर बुडते, हेही आम्ही रोज पाहतो, आणि त्यास पापाचे फळ म्हणण्यास कचरत नाही. तथापि पापापासून दुःख येते म्हणून जेथे दुःख दिसले तेथे पाप होतेच, असे उलटे चालता येत नाही. शेतकऱ्यास हे सांगावयास नको. जोंधळा पेरला म्हणजे जोंधळा येतो. पण शेतात जे जे उगवले ते धन्यानेच पेरले, असे म्हणून कोणी त्याचे शेत जप्त करीत नाही. निंदणाच्या दाखल्यातल्या धन्याने चांगलेच बी पेरिले होते.

ईयोबाचे सगळे पुस्तक याच एका गोष्टीवर आहे. त्याचे तिघे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले व एक शब्द बोलले नाहीत. तोपर्यंत ते उत्तम सांत्वनकर्ते होते. मग त्यांनी तोंड उघडिले, आणि देवाची बाजू घेऊन देवाच्या वतीने बोलू लागले. शेवटी परमेश्वराचा क्रोध भडकला तो या देवाच्या वकिलांवरच. आमच्या उपदेशक बंधूंनी आजाऱ्याच्या घरी जाण्यापूर्वी तो शेवटचा अध्याय एकवार वाचावा.

याहून मोठी गोष्ट वधस्तंभाची आहे. दुःख हेच जर पापाचे माप असेल, तर कालवारीवर जो खिळला गेला त्याच्याहून मोठा पापी जगात झाला नाही असे म्हणावे लागेल. जाणारे येणारे त्या दिवशी तसेच म्हणत होते. देवाचा पुत्र असता तर असा लटकला असता काय, हाच त्यांचा हिशेब होता, आणि तो हिशेब त्यांना अगदी बिनचूक वाटत होता. आपला सर्व विश्वास या एका गोष्टीवर उभा आहे की तो हिशेब खोटा होता. ज्याने पाप जाणिले नाही त्याने दुःख भोगिले. हे तोंडाने कबूल करून मग शेजाऱ्याच्या अंगावरचा चट्टा पाहून "घराण्यात काहीतरी असेल" म्हणावयाचे, म्हणजे रविवारी वधस्तंभाखाली उभे राहून सोमवारी त्या जाणाऱ्या येणाऱ्यांत सामील व्हावयाचे. आम्ही सोमवारपर्यंतही थांबलो नाही. आम्ही रविवारीच झालो.

आणि आपण हे करावे याचे आश्चर्य दुप्पट आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे आजेपणजे वेशीबाहेर राहिले. पाणवठा त्यांस बंद होता. चावडीवर त्यांस चढता येत नसे. असे का, म्हणून विचारिले तर त्यांस उत्तर मिळे की, ही तुमच्या मागल्या जन्मीची फळे आहेत, गुमान भोगा. म्हणजे त्या आंधळ्यावर जो प्रश्न टाकिला गेला तोच आपल्या वडिलांवर शेकडो वर्षे टाकिला जात होता, आणि उत्तर नेहमी त्यांच्याच नावावर लिहिले जात होते. शुभवर्तमान ऐकून त्यांस प्रथम जे वाटले असेल ते आपण आज पुरते समजू शकत नाही. मनुष्यमात्र देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे उत्पन्न केले आहे, तू कोणत्याही मागल्या जन्मीचा कैदी नाहीस, असे कोणी त्यांस सांगितले. ही नुसती धर्माची गोष्ट नव्हती. तिने त्यांच्या पायाखालची जमीन बदलली. त्यांची लेकरे शाळेत गेली, परिचारिका झाली, मास्तर झाली. त्याच लोकांच्या नातवंडांनी आता एका बंधूस सतरंजीच्या टोकाला बसवावे, आणि त्याचे कारण 'घराण्यात' शोधावे!

महारोगाविषयी जे ज्ञान मनुष्यास आज आहे ते थोडे सांगितले पाहिजे, कारण ते सर्वांस ठाऊक नाही. शिष्यांनी विचारिलेला प्रश्न पुढे डॉक्टर लोकही निराळ्या भाषेत विचारीत राहिले. हा रोग वंशपरंपरेने उतरतो, म्हणजे आईबापांकडून येतो, असे १९ व्या शतकात नॉर्वे देशातील मोठमोठे वैद्य मानीत. १८७३ साली तेथील बर्गेन शहरात हान्सेन नावाच्या डॉक्टराने या रोगाचे सूक्ष्म जंतू शोधून काढिले. त्याचा सासरा दानिएल्सेन हा वंशपरंपरेच्या मताचा मोठा पुरस्कर्ता होता. म्हणजे जावयाने दाखविले की रोग जंतूंनी होतो. आईबापांच्या रक्ताने नव्हे. परंतु याच हान्सेनची दुसरीही एक गोष्ट आहे. आपला शोध सिद्ध करण्यासाठी त्याने एका रोगी स्त्रीस न विचारता तिच्या डोळ्यात दुसऱ्या रोग्याच्या गाठीतील द्रव्य टोचले. तिने तक्रार केली, आणि १८८० साली न्यायालयाने त्यास इस्पितळातील जागेवरून दूर केले. मनुष्यास केवळ एक कोडे समजून पाहण्याची ही दुसरी तऱ्हा. शिष्यांनी आंधळ्यात धर्मशास्त्राचा प्रश्न पाहिला, या विद्वानाने त्या बाईत वैद्यशास्त्राचा पाहिला; ती बाई दोघांसही दिसली नसती.

बोटे झडतात ती रोगानेच कुजून झडतात, असे सर्व जग मानीत असे. मद्रास इलाख्यातील कोल्ली डोंगरांत मिशनऱ्यांच्या पोटी १९१४ साली जन्मलेले डॉक्टर पॉल ब्रँड १९४६ नंतर वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात काम करू लागले, तेव्हा त्यांनी रोग्यांचे हात धरून बारकाईने पाहिले. त्यांस आढळले की, रोगाने नसा बधिर होतात, दुखणे कळेनासे होते, आणि मग विस्तवावरचे तापलेले भांडे, कुदळीचा दांडा, जोड्यातला खिळा हे आपले काम करितात. कित्येकांची बोटे रात्री झोपेत नाहीशी होत. शोध करिता समजले की उंदीर कुरतडीत होते, आणि झोपलेल्यास पत्ता लागत नव्हता. मग रोग्यांना मांजरे पाळावयास दिली! पापाचा शोध घेत बसलेल्या मनुष्यास उंदीर कधी सापडला नसता. ब्रँड यांनी वळलेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करण्याची रीतही बसविली, आणि वेदना ही देवाची देणगी आहे असे ते जन्मभर सांगत राहिले. मनुष्याचे शरीर देवाने घडविले व ते चांगले आहे, हा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातला सिद्धांत त्या डॉक्टरांच्या बोटांत उतरला होता असे आम्ही म्हणतो. शरीर ही नुसती माती, किंवा भोगाचे गाठोडे, असे मानणारा मनुष्य वळलेल्या बोटाकडे इतका वेळ पाहत बसेल काय?

लेवीयाच्या पुस्तकातील नियम पुढे करणारेही आढळतात. त्यांनी १३ वा व १४ वा अध्याय पुरा वाचावा. तेथे हाच चट्टा लोकरीच्या कापडावर व घराच्या भिंतीवरही पडतो. भिंतीस महारोग होत नाही. आपल्या भाषांतरांत महारोग, कुष्ठ असे शब्द आले असले तरी मूळ इब्री शब्दात बुरशीपासून अनेक त्वचारोगांपर्यंत सर्व येते, हे आता विद्वानांस मान्य आहे. हे न समजल्यामुळे युरोपातील ख्रिस्ती लोकांनी मध्ययुगात रोग्यांच्या हाती घंटा व खुळखुळे देऊन त्यांस गावाबाहेर घातले. तेव्हा ख्रिस्ती नाव घेतल्याने दृष्टी आपोआप ख्रिस्ती होते, असा अभिमान आपण धरू नये. १८६९ साली अंबाल्यास वेलस्ली बेली नावाच्या आयरिश मास्तराने रोग्यांची झोपडी पाहिली, आणि १८७४ साली त्यांच्या सेवेची मिशन सुरू झाली. पोलादपूर, अमरावती जिल्ह्यातील कोठारा, अशा ठिकाणची कामे त्यातूनच वाढली. याविषयी आम्ही देवाचे उपकार मानितो. परंतु १९३९ साली सेवाग्रामात परचुरे शास्त्र्यांच्या जखमा स्वतः धुणारे गांधीजी, व वरोऱ्याजवळ आनंदवन वसविणारे बाबा आमटे, हे आपल्या मंडळीचे सभासद नव्हते. शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेने जाणारे याजक व लेवी कोण होते, हे आपल्यास ठाऊक आहे.

आज या रोगावर खात्रीचे औषध आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची रीत सांगितली. ६ किंवा १२ महिन्यांत रोगी बरा होतो, औषध फुकट मिळते, आणि ते सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यापासून दुसऱ्यास बाधा होण्याचे भय राहत नाही. तरीही जगात दर वर्षी सापडणाऱ्या नव्या रोग्यांपैकी अर्ध्याहून अधिक आपल्या देशात असतात, कारण लोक चट्टा लपवितात. ते का लपवितात हे आम्ही आमच्या सतरंजीवरून शिकलो. आणखी एक गोष्ट लिहिण्यास लाज वाटते. औषध निघून वीस वर्षे झाल्यावर, २००१ साली, ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाच्या कायद्यात सुधारणा झाली, तीत असाध्य महारोग हे लग्न मोडण्याचे एक कारण म्हणून घालण्यात आले. ते २०१९ साली संसदेने इतर कायद्यांतील तशाच कलमांबरोबर काढून टाकिले. मधल्या अठरा वर्षांत आपल्या किती व्यासपीठांवरून याविषयी शब्द निघाला?

हल्ली तंबूंतून एक नवे बोलणे ऐकू येते की, ज्याचा विश्वास पुरा त्याच्या घरी दुखणे येत नाही, आणि आले तर दान कमी पडले असेल. हे जुनेच कर्म नवा अंगरखा घालून आले आहे. याविषयी अधिक लिहीत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही मुद्दाम त्या मंडळीत गेलो. उपदेशाच्या आधी उभे राहून सांगितले की, मागल्या खेपेस प्याला शेवटी देण्यास आम्ही सांगितले ते चुकीचे होते, आणि त्या बंधूची आम्ही सर्वांच्या देखत क्षमा मागतो. तो पुढे आला नाही. जागेवरूनच हात जोडून बसून राहिला. काही लोकांनी माना हलविल्या, काही खाली पाहत राहिले. प्याला ओळीने फिरला. त्याच्या शेजारी बसलेल्या तरुणाने तो त्याच्या हातात नीट धरविला.

उपासना संपल्यावर एक म्हातारी बाई काठी टेकीत आमच्याकडे आली. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही सांगितलं ते बरोबर. प्याला म्या घेईन त्याच्या मागून. पण माझ्या नातीला त्याच्याच पोराचं स्थळ आलंय. पोरगा चांगला आहे, पंचायतीत कामाला आहे. देऊ का? तुमची लेक असती तर दिली असती का?"

आम्ही तिला जंतूंविषयी सांगितले, रोग वंशाने उतरत नाही हे सांगितले, मुलगा निरोगी आहे हे तिला आमच्याहून अधिक ठाऊक होते. तिने सर्व ऐकून घेतले. मग म्हणाली, "ते सगळं डाक्तरनी बी सांगितलं. म्या तुमच्या लेकीचं विचारलं."

आम्हांस एक मुलगी आहे, आणि तिचे लग्न व्हावयाचे आहे. 'होय' असा शब्द आमच्या तोंडून निघाला. परंतु निघण्यापूर्वी किती वेळ गेला ते म्हातारीने पाहिले.